हिशेब जुळला पाहिजे!





दरवर्षी या पानावर मी दहावी-बारावीचे निकाल, स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातल्या स्पर्धा आणि आपल्या मुलांनी मिळवलेली बक्षिसे यांविषयी लिहिते. या वेळी मात्र माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहायचे ठरवले आहे. विश्वस्त मंडळाला तशी कल्पना दिली, तेव्हा आधी थोडी कुजबुज झाली. "मॅडम, ही घरातली गोष्ट पत्रिकेत कशाला?" असेही एकांनी म्हटले. पण शेवटी सगळ्यांचे मत पडले की मुलांना रोज "चूक कबूल करा" असे शिकवणाऱ्या शाळेने स्वतःची चूक लपवू नये. म्हणून हा लेख.

थोडे मागचे सांगते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि शाळा-कॉलेजात हिंदी, अशी आमच्या पिढीतल्या पुष्कळ इंदुरी मराठी मुलांची त्रिवेणी होती. बी.कॉम. आणि एम.कॉम. दोन्ही हिंदीतून केले. आमच्या विषयाचे नावच मुळी 'बहीखाता एवं लेखाकर्म' असे होते. त्यामुळे माझ्या डोक्यात हिशेबाचे शब्द रोजनामचा, तलपट आणि चिट्ठा हेच बसले. लग्न होऊन सासरी आले, तेव्हा सासरे एका जुन्या पेढीवरून निवृत्त झालेले होते. त्यांच्या तोंडी कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द असत. मी 'तलपट' म्हटले की ते हसून म्हणत, "सूनबाई, शब्द कोणताही घ्या, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की झाले. हिशेब जुळला पाहिजे!"

मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत मी निर्धास्त असते. इंग्रजीचे मात्र तसे नाही. इंग्रजी वाचते, कामापुरते लिहिते, पण एखादे लांबलचक इंग्रजी पत्र समोर आले की आजही छातीत थोडे धस्स होते. प्राचार्यांच्या खुर्चीत बसल्यावर तर ही गोष्ट कोणाला कळू नये असे वाटते. आता हे मोकळेपणाने लिहिते आहे, कारण पुढची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

२०२३ च्या जुलै महिन्यात आपल्या नव्या वर्गांसाठी चोवीस बाक घेतले. प्रत्येकी ३,६०० रुपयांप्रमाणे ८६,४०० रुपये द्यायचे होते. बाक करून देणारे गृहस्थ आपल्या ओळखीचे, वर्षानुवर्षे माल देणारे. बिल आले, बाक आले, मुले त्यांवर बसूही लागली. त्यानंतर चार दिवसांनी शाळेच्या ई-मेलवर त्यांच्या नावाने एक इंग्रजी पत्र आले. पत्र चांगले अदबीने लिहिलेले होते. आमच्या नेहमीच्या बँक खात्याचे लेखापरीक्षण सुरू आहे, तरी या वेळची रक्कम खालील नव्या खात्यात जमा करावी, असा त्याचा मतलब. सोबत आपलेच बिल, तोच क्रमांक, तीच रक्कम.

आपल्या कार्यालयातले बडे बाबू पत्राची प्रत घेऊन माझ्याकडे आले. ते म्हणाले, "मॅडम, एकदा फोन लावून विचारून घेऊ का? खाते बदललेय म्हणतात."

मी पत्र वाचले. खरे सांगायचे तर अर्धे वाचले. दोन-तीन वाक्ये नीट कळली नाहीत. इंग्रजीच्या बाईंना बोलावून विचारता आले असते, पण प्राचार्यांनी शिक्षिकेला विचारायचे की या पत्रात काय लिहिले आहे? ते माझ्याने होईना. मी बाबूंना म्हटले, "लेखी आले आहे ना? लेखी असताना फोन कशाला? ते आपलेच आहेत. टाका पैसे."

आपल्या संस्थेच्या बँक व्यवहारात एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची अशी पद्धत आहे. बाबूंनी भरले. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, तो मी सांगितला, आणि ८६,४०० रुपये गेले.

अकरा दिवसांनी बाकवाल्यांचा मुलगा स्वतः शाळेत आला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, पेमेंट कधीपर्यंत होईल?"

तेव्हा ते पत्र पुन्हा काढून नीट पाहिले. पत्ता अगदी त्यांचाच वाटत होता. पण त्यात इंग्रजी 'एम' अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी-शेजारी चिकटून बसली होती. बारीक टायपात दोन्ही सारखीच दिसतात. मुलांनो, वहीत एकदा लिहून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. त्यांचा ई-मेल कोणीतरी चोरून वाचत होते. बिल केव्हा गेले, किती रकमेचे, हे त्याला ठाऊक होते. पैसे पाठवताना नावही त्यांचेच टाकले होते. पण त्या काळी अशा व्यवहारात बँक फक्त खाते क्रमांकावर पैसे जमा करीत असे, नाव जुळते का ते पाहत नसे. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत करायला सांगितली. आमच्या वेळी ती नव्हती.

त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलिसांकडेही गेलो. पण अकरा दिवस म्हणजे फार झाले. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पांगले होते. एका खात्यात ९,१५० रुपये अडकवता आले आणि ते काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. उरलेले ७७,२५० रुपये गेले ते गेलेच.

विश्वस्त मंडळाची तातडीची सभा बोलावली. मी, बडे बाबू आणि सर्व सदस्य बसलो होतो. एका ज्येष्ठ सदस्यांनी बँकेचा कागद हातात घेऊन विचारले, "हे पैसे कोणी पाठवले?" कागदावर बाबूंचे नाव होते. बाबू उभे राहिले. बत्तीस वर्षे या शाळेत काढलेला माणूस, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. त्यांनी खाली मान घातली. एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

आणि मी गप्प बसले. फार तर अर्धा मिनिट असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात आले की, कागदावर त्यांचेच नाव आहे, आपण काही बोललो नाही तर गोष्ट इथेच संपेल. हे लिहितानाही लाज वाटते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी वर्गात कितीदा सांगितली असेल! इथे तर सुळावर चढवणारी मीच होते.

मग मी बोलले. बाबूंनी फोन करायचे सुचवले होते आणि मी नको म्हटले होते, हे सांगितले. पत्र मला पूर्ण कळले नव्हते आणि विचारायची लाज वाटली, हेही सांगितले. सभेत शांतता पसरली. ही रक्कम माझ्या पगारातून कापावी असे मी म्हटले. तेव्हा आपल्या मंडळातले सी.ए. असलेले विश्वस्त म्हणाले, "पगाराचे नंतर बघू. आधी ही रक्कम हिशेबात तोटा म्हणून स्वच्छ दिसू द्या. दुसऱ्या कोणत्या खर्चात घालून झाकायची नाही." त्या वर्षीच्या हिशेबपत्रकात ती ओळ आहे, कोणीही येऊन पाहावी. पुढे मंडळाने माझ्याकडून एक तृतीयांश रक्कम घेण्याचे मान्य केले. सगळी घेतली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

याच सी.ए. विश्वस्तांनी नंतर एका रविवारी मला आणि बाबूंना घरी चहाला बोलावले. आम्ही दोघेही जरा संकोचूनच गेलो. त्यांनी आम्हाला उपदेश केला नाही, दोन गोष्टी सांगितल्या. त्या मला इतक्या आवडल्या की नंतर मी स्वतः त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचले, शब्दकोश शेजारी ठेवून.

पहिली गोष्ट १९८६ सालची. अमेरिकेत बर्कले येथे एक मोठी विज्ञान प्रयोगशाळा आहे. तिथे क्लिफर्ड स्टोल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळण्याच्या कामावर आले. त्या काळी संगणकाचा वापर मिनिटा-सेकंदांवर मोजून प्रत्येक विभागाला बिल लावले जाई. हा हिशेब दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी ठेवला जात होता, आणि दोन्हींमध्ये पंचाहत्तर सेंटचा फरक येत होता. पंचाहत्तर सेंट म्हणजे पाऊण डॉलर! दुसरा कोणी असता तर खिशातून भरून मोकळा झाला असता. स्टोल यांनी तो फरक शोधायला घेतला. शोधता शोधता कळले की ज्याच्या नावाची रीतसर नोंदच नाही असा कोणीतरी प्रयोगशाळेच्या संगणकावर येऊन काम करून जातो. कित्येक महिने त्यांनी त्याचा माग काढला. तो माग निघाला तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातल्या मार्कुस हेस नावाच्या तरुणापर्यंत. तो आणि त्याचे साथीदार अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोविएत गुप्तहेर संस्था केजीबीला विकत होते. स्टोल यांनी या प्रकरणावर १९८९ मध्ये 'द ककूज एग' हे पुस्तक लिहिले.

म्हणजे एवढी मोठी हेरगिरी सापडली ती कोणत्या बंदुकीने किंवा यंत्राने नव्हे, तर तेरीज न जुळल्याने. माझे सासरे असते तर त्यांना किती आनंद झाला असता!

दुसरी गोष्ट दोन प्राध्यापकांची. लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोएब हे अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लेखाशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे माझ्याच विषयाचे! पण या दोघांनी आपल्या अभ्यासाचा मोठा भाग दिला तो संगणकाच्या सुरक्षेला. अमेरिकेतील संगणक सुरक्षा संस्था आणि एफबीआय मिळून संगणकावरील गुन्ह्यांची जी वार्षिक पाहणी करीत, तिच्या २००४ पासूनच्या काही अहवालांचे ते सहलेखकही होते. आपण समजतो की संगणकाची राखण हे इंजिनिअरचे काम, आणि जमाखर्च हे मुनिमाचे. या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला, जो इंजिनिअर सहसा विचारत नाही आणि मुनीम विचारल्याशिवाय राहत नाही. तो प्रश्न असा, की राखणीवर खर्च किती करावा?

२००२ मध्ये त्यांचा या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. जगभर तो 'गॉर्डन-लोएब मॉडेल' या नावाने ओळखला जातो. त्याचे गणित अवघड आहे, पण सार आपल्या दहावीच्या मुलांनाही कळेल असे आहे. चोरी झाली तर नुकसान किती होईल, हे आधी लिहा. ती होण्याची शक्यता किती, हे त्याखाली लिहा. दोघांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित नुकसान. आता कुलपावर खर्च किती करावा? तर त्या अपेक्षित नुकसानाइतका मुळीच नाही. त्यांनी सुरक्षेच्या परिणामाची जी दोन प्रकारची सूत्रे धरली होती, त्यांत उत्तर आले की खर्च अपेक्षित नुकसानाच्या साधारण ३७ टक्क्यांच्या वर जाऊ नये. पुष्कळदा तो त्याहूनही कितीतरी कमी पुरतो. कारण पहिल्या रुपयाचे कुलूप जेवढे वाचवते, तेवढे शंभराव्या रुपयाचे वाचवत नाही.

ही गोष्ट आम्हाला नुसती ऐकायला मिळाली नाही, तर लगेच कामीही आली. आमच्या फसवणुकीची बातमी कशी कोणास ठाऊक बाहेर गेली होती, आणि एक विक्रेते सुरक्षेचे भारी पॅकेज घेऊन आले होते. वर्षाला १,४०,००० रुपये. घाबरलेला माणूस काहीही विकत घेतो. मीही सही करायच्या बेतात होते. सी.ए. साहेबांनी चहाच्या कपाशेजारी कागद ओढला. "शाळेकडून एका वेळी जाऊ शकणारी मोठ्यात मोठी रक्कम किती?" आम्ही म्हटले, साधारण चार लाख. "असे किती वर्षांतून एकदा होईल?" बाबू म्हणाले, दहा वर्षांतून एकदा धरू. म्हणजे वर्षाचे अपेक्षित नुकसान ४०,००० रुपये. त्याचे ३७ टक्के म्हणजे १४,८०० रुपये. १,४०,००० कुठे आणि १४,८०० कुठे! पॅकेज परत गेले.

हा अंदाजच आहे, हेही त्यांनी बजावले. दहा वर्षे हा आकडा कोणी वरून लिहून दिलेला नाही, तो पाच वर्षे धरला तर उत्तर दुप्पट होईल. पण आकडा कागदावर मांडला की भीतीला निदान मोजता येते.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार पटली. जे सर्वांत कमजोर आहे त्याच्यावरच सर्वांत जास्त खर्च करावा असे नेहमीच नसते. काही गोष्टी इतक्या मोडकळीला आलेल्या असतात की त्यांना कितीही कुलपे लावली तरी उपयोग होत नाही. आपल्या संगणक कक्षात एक जुना संगणक होता. त्यातली विंडोज सेव्हन ही प्रणाली दुरुस्त करणे कंपनीने जानेवारी २०२० मध्येच बंद केले होते. जुने निकाल त्यातच होते. त्याच्यासाठी नवे संरक्षण विकत घेण्याऐवजी आम्ही निकाल दुसरीकडे उतरवून घेतले आणि त्या संगणकाची इंटरनेटची तार काढून टाकली. खर्च शून्य.

बाकीचा खर्च एकूण नऊ हजारांच्या आत बसला, आणि त्यातला बराचसा कर्मचाऱ्यांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर झाला. सर्वांत परिणामकारक ठरलेला नियम तर फुकटच आहे. कोणाचाही खाते क्रमांक बदलला, तर आपल्या जुन्या वहीत लिहिलेल्या क्रमांकावर फोन करायचा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नाही. आणि बोलणे झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, मग प्राचार्या म्हणोत की अध्यक्ष. बडे बाबूंनी जे मला सुचवले होते, तेच आता मंडळाच्या ठरावात लिहिलेले आहे. ठरावाला आम्ही कार्यालयात 'बाबूंचा नियम' म्हणतो. बाबू निवृत्त झाले, नियम राहिला.

काही पालक म्हणतील, असा सगळ्यांवर अविश्वास दाखवायचा का? आपल्याकडे "विश्वास पानिपतावर गेला" असे म्हणतात, त्यातली ही गत नव्हे. फोन करून विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे मी आता शिकले आहे. ज्यांच्या नावाने पत्र येते, त्या भल्या माणसाचीही त्यात राखण होते. आमच्या बाकवाल्यांनाच बघा. त्यांचे पैसे आम्ही दुसऱ्यांदा दिले, पण मधले दोन आठवडे त्या बिचाऱ्यांना वाटत होते की शाळा आपल्यालाच चोर समजते आहे.

हिशेब वेगळे ठेवण्याची ही शिस्त आपल्या शहराला नवी नाही. होळकरांच्या दरबारात खासगी आणि दौलत यांचे हिशेब वेगळे असत. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, मंदिरे आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा मोठा खर्च खासगीतून झाला, राज्याच्या तिजोरीतून नव्हे. एका हाताचे पैसे दुसऱ्या हातात मिसळू नयेत, आणि दोन्ही हातांचा हिशेब तिसऱ्याने तपासावा, एवढेच तर सगळे लेखाशास्त्र आहे. जिथे हे तुटते तिथे काय होते, ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत दिसले. चोरांनी एक खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. एटीएममधून येणारी पैशांची मागणी बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत पोचतच नव्हती. मधली खोटी यंत्रणाच "होय, द्या" म्हणत होती. अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पैसे निघत होते आणि खतावणीला त्याची खबर नव्हती. म्हणून रोजचा हिशेब रोज जुळवायचा. महिन्याचे महिन्याला म्हणजे उशीर झाला. आम्हालाही अकरा दिवस लागले, कारण आम्ही बँकेशी जुळवणी महिन्यातून एकदाच करीत होतो. आता ती दर शनिवारी होते.

आता पैशांहून मोठी गोष्ट. गॉर्डन आणि लोएब यांनी २००३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कंपन्यांच्या संगणकांत शिरकाव झाल्याची बातमी आली, त्यांच्या शेअरची किंमत किती पडली, हे त्यांनी तपासले. आढळले असे, की ज्या घटनांत गोपनीय माहिती फुटली, तिथे बाजाराने कंपनीला चांगलाच दणका दिला. इतर प्रकारच्या घटनांत तसा ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे यंत्र बंद पडले तर लोक विसरतात, पण विश्वासाने दिलेली माहिती बाहेर गेली तर विसरत नाहीत.

हे वाचून मी आपल्या कार्यालयातल्या कपाटाकडे पाहिले. त्यात काय आहे? प्रत्येक मुलाच्या आधार कार्डाची प्रत, समग्र आयडी, जातीचे दाखले, आई-वडिलांचे मोबाइल क्रमांक, कोणाच्या घरी काय अडचण आहे म्हणून फी माफ केली त्याचे अर्ज, कोणा मुलीच्या आजारपणाचे कागद. हे सगळे आता संगणकातही आहे. ७७,२५० रुपये गेले त्याचे मला वाईट वाटते. पण यातली एक फाईल बाहेर गेली असती, तर तिची किंमत कोणत्या खतावणीत लिहायची? हिंदीतल्या लेखाशास्त्रात नावलौकिकाला 'ख्याति' म्हणतात आणि ती चिट्ठ्यात संपत्तीच्या बाजूला मांडतात. शाळेची ख्याति म्हणजे तुमची मुले आमच्याकडे सुरक्षित आहेत हा तुमचा विश्वास. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. कायद्याच्या आधीपासूनच हे आपले कर्तव्य होते, हे मला उशिरा कळले. आता मुलांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही, असा नियम शिक्षकांना घातला आहे. पालकांनीही शिक्षकांकडे इतर मुलांचे क्रमांक मागू नयेत, ही विनंती.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यासाठी थोडे.

तुमच्यापैकी पुष्कळ जण मला येऊन सांगतात, "मॅडम, मी कॉमर्स घेतले तर संगणकाचे क्षेत्र सुटेल," किंवा "संगणक घेतला तर हिशेबाशी संबंध राहणार नाही." तसे नाही. दोन्ही क्षेत्रांना एकच सवय लागते, ती म्हणजे न जुळणारी छोटी गोष्ट सोडून न देण्याची. पंचाहत्तर सेंट असोत की 'एम' च्या जागी आलेला 'आर-एन'. आपल्या शाळेतून मराठी आणि हिंदी शिकून जाणारी मुले-मुली उद्या ही कामे करतील याबद्दल मला शंका नाही.

आणि दुसरे, तुमच्या घरी आजी-आजोबा आहेत. त्यांना इंग्रजी संदेश येतात, बँकेच्या नावाने, वीज कंपनीच्या नावाने, पोलिसांच्या नावाने. ते तुम्हाला विचारायला लाजतात. तुम्ही "एवढेही कळत नाही का?" असे म्हणता म्हणून लाजतात. कृपा करून असे म्हणू नका. त्यांच्या शेजारी बसा, वाचून दाखवा. १९३० हा क्रमांक टेलिफोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. फसवणूक झालीच तर पहिल्या तासात फोन करा, लाजेखातर अकरा दिवस थांबू नका.

माझे ७७,२५० रुपयांचे नुकसान चोराने केले हे खरे. पण त्याला दार उघडून दिले ते माझ्या न विचारण्याने. इंग्रजी न येणे ही चूक नव्हती, "मला हे कळले नाही, जरा सांगता का?" हे वाक्य तोंडातून न निघणे ही चूक होती. हे वाक्य मराठीत, हिंदीत, कोणत्याही भाषेत म्हणता येते. आता कार्यालयात कठीण इंग्रजी पत्र आले की मी सरळ इंग्रजीच्या बाईंना बोलावते. पहिल्यांदा बोलावले तेव्हा त्याही ते पत्र दोनदा वाचून म्हणाल्या, "मॅडम, हे मलाही नीट कळत नाही, आपण फोनच करू या." आम्ही दोघी खूप हसलो, आणि फोन केला.

बडे बाबूंच्या निरोपसमारंभात मी त्यांची सर्वांसमोर माफी मागितली होती. ते नेहमीसारखे संकोचून एवढेच म्हणाले, "मॅडम, हिशेब जुळला. आता कशाला?"

असो. परीक्षेचे दिवस जवळ आले आहेत. सर्व विद्यार्थ्यांना मनापासून शुभेच्छा. वर्गात, घरी, कार्यालयात, जिथे कळणार नाही तिथे विचारा. माझ्या खोलीचे दार उघडेच असते.

आपली स्नेहांकित,
प्राचार्या